अर्थिंगची तक्रार

आई गेली आणि चार महिन्यांनी बाबा आमच्याकडे गुडगावला राहायला आले. त्यांची नोकरी केंद्र सरकारातली, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. मी वाढले ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा ती दोघं करोल बागेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेली आणि आई तिथेच वारली. एकटे राहू नका म्हणून मी मागे लागले, तर बाबा म्हणाले, "बघतो." सरकारी माणसाच्या "बघतो"चा अर्थ मला लहानपणापासून माहीत. मी पुढच्या रविवारी सरळ टेम्पो घेऊनच गेले.

गुडगाव तेव्हा नुकतं कुठे वाढायला लागलं होतं. आमची सोसायटी नवी, गेटावर गार्ड, दोन लिफ्ट, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे मोहरीचं शेत. माझ्या नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली होती. त्या जोरावर आम्ही फ्लॅट घेतला आणि त्याच जोरावर घरात कॉम्प्युटर आला. वीज मात्र जुन्या खेड्याचीच राहिली. दिवसातून पाच-सहा वेळा लाईट जायची, मग खाली जनरेटर धडधडायला लागायचा, आणि खरी लाईट परत यायची ती अशी की ट्यूबलाइट पांढरीफटक पडायची आणि पंखा सुसाट सुटायचा. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरचे दोन टीव्ही आणि एक फ्रिज जळाला.

बाबांनी आल्या आल्या या खात्याचा चार्ज घेतला. नवऱ्याला बरोबर घेऊन ते नेहरू प्लेसला गेले आणि स्पाइक बस्टर घेऊन आले. लांबट पांढरी पेटी, लाल बटण, ओळीने सहा सॉकेट. विजेचा झटका आला की ती तो स्वतःवर झेलते आणि पुढचं यंत्र वाचतं, असं दुकानदाराने सांगितलेलं. कॉम्प्युटर बाबांच्याच खोलीत होता. त्यांनी टेबलामागे ती पेटी नीट बसवली आणि भिंतीवर वळणदार अक्षरात कागद लावला. एक, वीज गेल्यास प्रथम कॉम्प्युटरचे बटण बंद करावे. दोन, प्लग काढावा. तीन, वीज आल्यावर दहा मिनिटे थांबावे. चार, घाई करू नये. हे चौथं कलम माझ्यासाठी होतं, घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, हे घर आहे, मंत्रालय नाही," मी म्हटलं.

"मंत्रालयात यंत्रं जळत नव्हती," ते म्हणाले.

त्या कॉम्प्युटरवर ते काय करणार, असा मला प्रश्नच होता. त्याचं उत्तर एका सकाळी बाथरूममधून आलं. माझी मुलगी आतून ओरडली, "आई, पानी खूप गरम आहे, ठंडा मिला ना." बाबा बाहेर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "अगं, मग विसण घाल की." तिने विचारलं, विसण म्हणजे काय? बाबांनी सांगितलं, कढत पाण्यात घालायचं गार पाणी. मग पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला येत होता ना हा शब्द?"

येत होता. आई रोज म्हणायची. पण लग्नानंतर तो एकदाही माझ्या तोंडून गेला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि वाईट वाटायचं ते मी उगाच चिडले. "दिल्लीत राहून विसण कोण म्हणतं, बाबा?"

"तुझी आई म्हणायची. दिल्लीतच राहून."

त्या दुपारी त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर तो शब्द लिहिला. मग अदमुरं, म्हणजे अर्धवट लागलेलं दही. मग निरसं दूध, न तापवलेलं. होता होता रोजचं काम झालं. सकाळी फिरताना आठवायचं, पाकिटावर टिपायचं आणि दुपारी एका बोटाने टाइप करायचं. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावून घेतले होते. नुसता शब्द नव्हे हं. शब्दापुढे अर्थ, अर्थापुढे आईचं वाक्य जसंच्या तसं, आणि शेवटी प्रसंगाचा शेरा. ऑफिसचं वळण जातं कुठे? कधी कधी मला बोलावून वाचून दाखवायचे. "निगुतीनं. 'निगुतीनं कर, पळून नाही चाललं तुझं कॉलेज.' चिरंजीव कन्येस उद्देशून, वेणी घालताना." किंवा, "आढेवेढे. 'आढेवेढे घेऊ नका, पानात वाढलंय ते संपवा.' साहेब जेवायला आले असता. साहेब बंगाली होते, त्यांना काही समजले नाही, तरी त्यांनी संपवले."

आणि मग एकटेच हसायचे. आई गेल्यापासून त्यांचं हसू मी ऐकलं नव्हतं. मला आधी वाटलं की रिकामपणचा उद्योग आहे. मग लक्षात आलं की माणूस रोज दुपारी दोन तास बायकोशी बोलत बसतो आहे. त्या वेळात मी त्यांच्या खोलीत जायचं टाळायला लागले.

आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी. शब्द टाइप झाला, वाचून तपासला, की बाबा पाकिटावर लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचे आणि पाकीट फाडून टाकायचे. मंत्रालयात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. पक्की नोंद झाली की कच्चा कागद ठेवायचा नाही. माझा नवरा एकदा म्हणाला, "बाबा, फ्लॉपीवर एक कॉपी काढून देतो." तर ते म्हणाले, "नको. रजिस्टर एकच असावं. दोन झाली की खरं कोणतं, हा वाद सुरू होतो." प्रिंटर आमच्याकडे नव्हता. वर्षभरात सहाशेच्या वर शब्द झाले होते आणि ते सगळे त्या एका कॉम्प्युटरमध्ये होते.

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा. सोसायटीतली मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण आरतीला निम्मी सोसायटी यायची, मोदकांसाठी का होईना. त्या वर्षी मी हौसेने विजेच्या चार माळा आणल्या. हॉलमध्ये सॉकेट एक. मला बाबांच्या टेबलामागची ती सहा सॉकेटची पेटी आठवली. बाबा खाली दूर्वा शोधायला गेले होते. मी पेटी काढली, कॉम्प्युटरचा प्लग सरळ भिंतीतल्या सॉकेटात खोचला आणि पेटी हॉलमध्ये मखरामागे नेऊन ठेवली. दीड दिवसाचा तर प्रश्न. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. इतकं साधं आहे ते.

संध्याकाळी आरतीला मंडळी जमली. बाबा एक वाक्य टाइप करत होते, ते तसंच टाकून माझ्या हाकेवर उठून आले. आरती निम्म्यावर आली आणि लाईट गेली. निरांजनं होती, आरती चालू राहिली. बाबांनी टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्या खोलीकडे पाहिलं आणि एक पाऊल टाकलं. पहिलं कलम, बटण बंद करावे. आणि मी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले. आरती अर्धवट सोडून जात नाहीत, हे त्यांनीच मला लहानपणी शिकवलं होतं, एकदा तर चापट मारून. ते थांबले. परत टाळ्या वाजवायला लागले.

जनरेटर लागला, दोन मिनिटांनी बंद झाला आणि खरी लाईट आली. सगळे दिवे एकदम भगभगले. ट्यूबमधून चर्र असा आवाज आला. मखरामागे खट् झालं, ती पेटी स्वतःहून बंद पडली आणि माळा विझल्या. त्यांना काही झालं नाही, नंतर चारही माळा छान पेटल्या. बाबांच्या खोलीतून जळका वास आला.

बाबा आत गेले, मी मागोमाग. कॉम्प्युटरमधून बारीक धूर येत होता. त्यांनी एकदा हात लावला आणि काढून घेतला. मग म्हणाले, "मेन बंद करायला सांगतो," आणि चार जिने उतरून खाली गेले. मंडळी प्रसादाच्या गडबडीत. तेवढ्या वेळात मी मखरामागून स्पाइक बस्टर काढला, बाबांच्या टेबलामागे नेला, कॉम्प्युटरचा प्लग त्यात लावला. का लावला? घाबरले म्हणून. चार माणसांचा संसार चालवणारी, पोरीवर डाफरणारी बाई, आणि बापाला घाबरले. तेव्हा वाटलं, कॉम्प्युटर काय दुरुस्त होईल, उगाच आजच्या दिवशी बोलणी कशाला खा.

दुरुस्त झाला नाही. नेहरू प्लेसच्या मेकॅनिकने हार्ड डिस्क काढून दाखवली, तिच्या खालचा हिरवा भाग काळा पडला होता. बाबांनी त्याला एकच विचारलं, "सगळं?" तो म्हणाला, "सब गया, अंकलजी." येताना गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी माझा हात थोपटला. मलाच धीर देत होते ते. मला वाटलं, आत्ता सांगावं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्पाइक बस्टर उलटासुलटा करून तपासला. त्याला ओरखडा नव्हता. "म्हणजे झटका यातून आला नाही," ते म्हणाले. "मग आला कुठून?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी मी स्वयंपाकघरात उभी राहून कान देत होते. तासाभराने त्यांनी निष्कर्ष काढला. जमिनीत जी तार पुरलेली असते, ज्यातून जादा वीज मातीत जाते, ते अर्थिंगच सोसायटीने नीट केलेलं नाही. झटका अर्थिंगमधून उलटा आला. मी मूग गिळून बसले.

आणि मग ती तक्रार सुरू झाली. पहिलं पत्र सोसायटीच्या सेक्रेटरींना, इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक घालून. त्यात एक मुद्दा असा होता की उपकरण स्पाइक बस्टरला जोडलेले होते आणि हे माझ्या कन्येने समक्ष पाहिले आहे. ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. मी वाचलं आणि परत दिलं. सेक्रेटरी आर्मीतून रिटायर झालेले, सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, "देख लेंगे, अंकलजी." बाबांनी आयुष्यभर लोकांना बघतो म्हणून सांगितलेलं, त्यांना हे पटणार होय? दुसरं पत्र गेलं. मग बिल्डरला, मग वीज खात्याला, मग स्मरणपत्रं. जावक पत्राची ऑफिस कॉपी ठेवायचीच असते, त्यामुळे प्रत्येकाची प्रत फाईलला. फाईल जाड होत गेली.

मी एकदा म्हटलं, "बाबा, सोडा ना ती तक्रार. शब्द परत लिहू. मी बसते तुमच्याजवळ."

"लिहायचेत ना. सगळे डोक्यात आहेत. पण आधी हे मार्गी लागू दे, नाहीतर पुन्हा जळेल."

"वहीत लिहा."

"वहीत कसं? पक्कं एकदाच लिहायचं." ते हसले. "घाई करू नये."

सगळे डोक्यात आहेत, यावर मी विश्वास ठेवला, कारण तो माझ्या सोयीचा होता. म्हटलं, तक्रारीत मन रमतंय तर रमू दे. खरं म्हणजे रोज सकाळी फिरताना आईचे शब्द आठवायचे, तिथे आता पुढच्या पत्राचा मसुदा आठवायला लागले होते.

सोसायटीचा इलेक्ट्रिशियन एक वयस्कर बिहारी माणूस होता, अर्थिंग त्यानेच केलं होतं. बाबांच्या पत्रांमुळे त्याला मीटिंगमध्ये बोलावून झापण्यात आलं. त्याने भर जूनमध्ये खड्डा पुन्हा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, नवी तांब्याची पट्टी घातली, पाणी ओतलं. बाबा शेजारी खुर्ची टाकून देखरेखीला. मी दोघांसाठी सरबत घेऊन खाली गेले तेव्हा तो घाम पुसत मला म्हणाला, "मॅडम, पहले भी ठीक ही था." बाबा म्हणाले, "ठीक होतं तर जळलं कसं?" दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास गोळा केले आणि वर आले.

सव्वा वर्षाने बाबांनी तक्रार निकाली निघाली असं जाहीर केलं. नवऱ्याने नवा कॉम्प्युटर आणला, सोबत चांगला दणकट यूपीएस. बैल गेला आणि झोपा केला. बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून टेबलाशी बसले. मी दाराशी उभी होते. त्यांनी पहिला शब्द टाइप केला, विसण. मग अर्थ. मग बराच वेळ बोट कीबोर्डवर तसंच धरून बसले. मला म्हणाले, "जा तू, तुझी कामं कर."

आठवड्याने ते झोपलेले असताना मी कॉम्प्युटरवरची ती शब्दांची फाईल उघडून पाहिली. अकरा नोंदी होत्या. त्यातल्या चार विसणच्याच होत्या. वाक्यांच्या रकान्यात काही नव्हतं. एकाही शब्दापुढे आईचं वाक्य नव्हतं.

मी तिथेच खुर्चीवर बसून रडले. त्या सव्वा वर्षात त्यांनी एकच पत्र दोनदा पाठवलेलं मी पाहिलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. दुधाला गेले आणि गेटावरून गार्डने परत आणून सोडलं होतं. मी म्हटलं होतं, तक्रारीच्या नादात भान राहत नाही. डॉक्टरांनी नंतर जे नाव सांगितलं ते सांगितलं, पण सव्वा वर्षापूर्वी त्या माणसाला सहाशे शब्द येत होते आणि मी एक वाक्य बोलले असते तर तो दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा लिहायला बसला असता. माझी खात्री आहे. हे मला कोणी समजावू नये की तसं नसतं झालं.

मी सांगितलं ते त्यानंतर काही आठवड्यांनी, एका दुपारी. तेव्हा त्यांचे काही दिवस लख्ख असायचे, काही नाही. तो दिवस लख्ख होता. मी त्यांच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. माळा, सॉकेट, आरतीत मी वटारलेले डोळे, नंतर जागेवर ठेवलेली पेटी. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे अर्थिंग ठीक होतं," ते म्हणाले.

"हो."

"त्या माणसाला मी उन्हात खणायला लावलं."

"हो, बाबा."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवे होते. ते म्हणाले, "कागद घे."

त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. विषय, तक्रार मागे घेण्याबाबत. संदर्भ, आधीची सर्व पत्रं, तारखांसकट. एकही तारीख चुकली नाही, मी नंतर फाईलशी ताडून पाहिलं. सदर तक्रार चुकीच्या माहितीवर आधारलेली होती. इलेक्ट्रिशियनच्या कामात कोणताही दोष नव्हता, त्यांना झालेल्या त्रासाबद्दल मी त्यांची क्षमा मागतो. माहिती मी स्वतः तपासून घ्यायला हवी होती, ती चूक माझी आहे.

मी पेन थांबवलं. "बाबा, चूक माझी आहे. तसं लिहू द्या."

"सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग चूकही सही करणाऱ्याची. लिही."

मी लिहिलं. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला, सही केली आणि आजच्या आज खाली नेऊन दे म्हणाले. मग उशीला टेकून बसले. दमले होते. मी पत्राची घडी घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "पण त्यात होतं काय गं?"

"कशात?"

"कॉम्प्युटरमध्ये. जळलं त्यात. एवढी पत्रं लिहिली मी, काहीतरी महत्त्वाचं असणार."

"आईचे शब्द होते, बाबा. तुम्ही लिहीत होतात."

"असं?" त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी तसा दिसला. "सांग बघू."

मी सांगायला लागले. जे मला येत होते ते, आणि जी दोन-तीन वाक्यं त्यांनी मला वाचून दाखवली होती ती. आठ-नऊ झाले. प्रत्येकाला ते मान हलवत होते, साहेबांच्या पानाच्या गोष्टीला तर मोठ्याने हसले. मग माझ्याकडचे संपले. बाबा माझ्याकडे बघत होते.

"हं," ते म्हणाले, "पुढे?"